उसाच्या रसाचं पारणं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याला ठाऊक आहे — पण तो त्यातला वाटेकरी, त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगते आहे, आणि सांगतानाही स्वतःची शिसारी येते आहे.

जळगावात आमचं डाळीचं दुकान. गल्ल्यावर बसले की खुर्ची करकरायची, इतकी जाड होते मी. साखर, रक्तदाब, गुडघे — सगळंच मागे लागलेलं. शेवटी मुंबईला जाऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. आमच्या जैन समाजात सांगितलं, पित्ताशयात खडे होते. इथवर ठीक. एवढं खोटं कोण बोलत नाही?

पण वजन उतरू लागलं तशा बायका विचारू लागल्या. आणि मी — मी म्हणाले, वर्षीतप धरलंय. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, वर्षभर. डॉक्टरांनी तर थोडं थोडं पण रोज खायला बजावलेलं. मग काय? महाराजसाहेबांसमोर हात जोडून उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रताची शपथ घ्यायची, आणि घरी येऊन न्हाणीघराची कडी लावून प्रोटीनची पावडर ढवळून प्यायची. चोर ते चोर, वर तपस्वी.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, पारणं झालं. मांडव, गाणी, गळ्यात माळ. माझी धाकटी नणंद सारिका, धुळ्याला देवपुरात दिलेली, तिनं आपल्या हातानं उसाचा रस पाजला. लहान केलेल्या पोटाला एवढं गोड सोसत नाही. छाती धडधडली, घामानं साडी भिजली, मी ओकायला पळाले. लोकांना वाटलं, तपानं देह थकलाय. बाहेर आले तर सारिकानं पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. उलट — आशीर्वाद दिला.

सारिका माझ्याहून जाड, इन्सुलिनवर. तिच्या डॉक्टरांनीही हेच ऑपरेशन सुचवलं होतं, तारीख ठरत आली होती. तिनं मला बाजूला घेतलं. "भाभी, खरं सांगा, नुसत्या तपानं उतरलं?"

"तपानंच," मी म्हणाले.

तिनं ऑपरेशन रद्द केलं. कुणाला न विचारता उपास धरला, साखर एकदम खाली गेली आणि ती कोसळली. सावरली, पुन्हा धरला, पुन्हा कोसळली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझे केस विरळ झाले, गोळ्या नि इंजेक्शनं जन्माची लागली, थोडं वजन परतही आलं. पण साखर गेली ती गेली. मी जिने चढते. सारिकाची साखर कधी आवरलीच नाही, त्यात किडन्या गेल्या, ती डायलिसिसवर आहे. ऑपरेशनानं त्या वाचल्याच असत्या का? कोण जाणे. पण ठरवायचं तिनं होतं, आणि मी तिला ठरवूच दिलं नाही.

मागच्या महिन्यात तिला बघायला धुळ्याला गेले. सुजलेल्या हातानं माझा हात धरून ती म्हणाली, "माझीच श्रद्धा कच्ची पडली, भाभी."

खोलीत आम्ही दोघीच होतो. कुणाची आडकाठी नव्हती. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असतं एकेकाचं."