ईनबाईंची पलटण आणि माझे माओरी

माझ्या मुलीच्या लग्नात माझं आणि ईनबाईंचं एका शब्दानं बिनसलं नाही. बिनसलं ते दोन वर्षांनी, आणि तेही कशावरून, तर बोटाएवढ्या सैनिकांवरून.

ईनबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. पुस्तकात विहीणबाई लिहितात, आमच्या बिदरकडं ईनबाई म्हणतात, घरात कन्नड चालू असलं की बीगती. त्या कमलनगरच्या, मी नौबादची, आणि मुलगी-जावई दोघं न्यूझीलंडला. आम्हा दोघींच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्यापुढं खेळणी मांडायची दोघींनाही भारी हौस. बसवण्णांना मानणाऱ्या घरात हे कशाला, असं आमच्यातले काही जण म्हणतात. आम्ही ऐकून घेतो आणि मांडतो.

त्या वर्षी मुलीनं तिथल्या रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्या माणसाकडून जुन्या धातूच्या सैनिकांचा एक खोका घेतला. दोन्ही आयांना मांडायला नवीन काहीतरी होईल, एवढाच विचार. खोका एक आणि आया दोन, मग तिनं वाटणी केली आणि इकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दोन पुडकी पाठवली. लाल डगल्याचे इंग्रज गेले कमलनगरला. मला आले दुसऱ्या बाजूचे, त्यांचं नावही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मी पुडकं सोडलं, मोजले. नऊ. लगेच ईनबाईंना फोन.

"तुमचे किती आलेत हो?"

"चौदा."

एवढंच बोलल्या, पण त्या 'चौदा'त किती साखर होती म्हणून सांगू! मी संध्याकाळपर्यंत दम धरला आणि मुलीला गाठलं.

"मुलाकडच्यांना चौदा अन् मुलीकडच्यांना नऊ? समुद्रापल्याड जाऊन बी मान त्यांचाच व्हय?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, हा मानपान न्हाई गं! त्या लढायांत इंग्रज जास्त होते अन् माओरी कमी. त्या आजोबांनी तसंच जमवलेलं."

"मग मला जास्तवाले कामून दिलं न्हाईस?"

"तुला गोऱ्यांची बाजू चालली असती?"

"अन् सासूला चालली व्हय?"

यावर तिनं मला जेवलीस का म्हणून विचारलं. मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

तर असे माझे माओरी घरात आले. न्यूझीलंडचे मूळचे लोक. दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागं इंग्रज त्यांच्या जमिनी घ्यायला लागले, त्यावरून वर्षानुवर्षं लढाया झाल्या. हे मला आत्ता सांगता येतं; तेव्हा काही येत नव्हतं. हळदीकुंकवाला बायका आल्या, "ही कोणती माणसं हो अक्का?" म्हणून विचारायला लागल्या आणि मी नुसती हसत उभी. एकीनं तर देवापुढं आहेत म्हणून नऊच्या नऊ जणांना कुंकू लावलं! त्यांच्या तोंडावर गोंदणाच्या बारीक रेघा आहेत, त्यात ते कुंकू जाऊन बसलं. मऊ ब्रशानं काढता काढता मला दोन दिवस लागले. एकाचा गाल अजून गुलाबी आहे.

पण ते ब्रश फिरवताना मी त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. एवढंसं तोंड, आणि त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत वळणं काढलेली. आमच्या सासूबाईंच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते, तेवढ्यानं त्या आठ दिवस तापानं पडल्या होत्या म्हणे. यांनी किती सोसलं असेल! अंगावरचा झगा एका झाडाच्या धाग्याचा. मुलीनं त्या झाडाचा फोटो पाठवला तर आपल्या बांधावरच्या केकताडासारखंच, म्हणजे घायपातासारखंच दिसलं. एकाच्या हातात दुनळी बंदूक, एकाच्या हातात लांब लाकडी हत्यार, त्याच्या टोकाला जीभ बाहेर काढलेलं तोंड. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण मोबाईलवर एकेक वाचत गेले, कळलं नाही ते मुलीला विचारत गेले. ती चिडायची, "आई, मी ऑफिसात आहे." मग मी जावयाला विचारायची. तो कधी चिडला नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

पुढं हा नादच झाला. दरवर्षी कुणी आलं की दोन-तीन सैनिक यायचे, कधी रंग न दिलेलेही यायचे. मी भिंग लावून, सर्वांत बारीक ब्रशानं रंगवायला शिकले. एकाची बंदूक मोडली तर बिदरी काम करणाऱ्या ओळखीच्या चाचांकडं डाग द्यायला नेली. त्यांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ये कौनसी फौज है अम्मा? निजाम की तो नै दिसती." मी दुकानात बसून त्यांना सगळा इतिहास सांगितला. चहा पाजून पाठवलं त्यांनी मला.

आणि उन्हाळ्यात ईनबाई यायच्या. पापड-कुरड्या करायला म्हणून आठ दिवस. मुलाची आई सुनेच्या माहेरी येऊन कुरड्या घालते हे गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आमचे मालक पेपर वाचत बसले की घरात असून नसल्यासारखे. येताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून त्या आपली पलटण आणायच्या. गच्चीवर एकीकडं कुरड्या वाळताहेत आणि दुसरीकडं आमची लढाई.

माओरी लोक लढाईसाठी मातीचा किल्ला करायचे. बाहेर लाकडांचं दाट कुंपण, आत खंदक. खंदक काय असतो ते बिदरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी लाल माती आणून परातीत थापली, खंदक कोरले आणि तुरीच्या तुराट्या बोटबोट तोडून सभोवार कुंपण रोवलं. ईनबाई समोर एक तोफ आणि सगळे लाल डगलेवाले ओळीनं लावायच्या. त्यांची ओळ कधी वाकडी झाली नाही. जेवायची पानंसुद्धा त्या अशाच मांडतात.

मी वाचलं होतं की इंग्रज तोफा डागून किल्ल्यात घुसायचे, आणि कितीदा तर आत कुणीच नसायचं. माओरी मागच्या बाजूनं निघून गेलेले, दुसरीकडं नवा किल्ला बांधायला. मग मीही तेच करायची. ईनबाईंची पलटण कुंपणाशी आली की माझे लोक कुरड्यांच्या मागं.

"ही काय लढाई हाय?" त्या उसळायच्या. "पळपुटे कुठले!"

"किल्ला घ्या तुम्हाला. माणसं मला राहू द्या."

"रिकामी माती घेऊन मी काय करू?"

"तेच इंग्रजांना बी कळंना झालतं."

"सगळं तुमच्याच सोयीचं वाचायलाव तुम्ही," म्हणायच्या आणि सैनिक पुसून परत कापसात ठेवायच्या. कमलनगरात बायका त्यांना विचारायच्या, देवापुढं इंग्रज कशाला मांडलेत? त्या म्हणायच्या, "ती बी कुणाची तरी लेकरंच की. कुणीतरी पाठवलं म्हणून गेली." मला हे कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर मी त्यांच्या पलटणीला नावं ठेवायचं थोडं कमी केलं.

गेल्या वर्षी मुलीचा सकाळी फोन आला. आवाज अगदी शांत. म्हणाली, "आई, आम्ही दोघांनी नीट बोलून ठरवलंय. वेगळं व्हायचं." भांडण नाही, मारझोड नाही, कुणाचं दुसरीकडं काही नाही. मी कारणं विचारली, तिनं सांगितली, मला अर्धी कळली. फोन ठेवल्यावर मुलीचं कसं होईल हा विचार मनात आधी यायला हवा होता. पण आला तो हा, की आता ईनबाई माझ्या कोण?

त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय बोलायचं? तुमच्या मुलानं असं कामून केलं, की माझ्या मुलीनं असं कामून केलं? मधे चुलते-मामे बसले. लग्नातली भांडी परत करायची ठरली, तशी रीतच आहे. त्या उन्हाळ्यात मी कुरड्या घातल्याच नाहीत.

मग एक दिवस जीप आली. ईनबाईंचे दीर भांडी उतरवून, पाणीसुद्धा न पिता गेले. मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं तर आत बिस्किटाचा डबा. मला वाटलं, दिरांच्या नजरचुकीनं आला असेल. उघडला. कापूस नव्हता. एकेक सैनिक इरकली खणाच्या कोऱ्या, काठाच्या तुकड्यात गुंडाळलेला. सासरी निघालेल्या मुलीची पाठवणी करावी तसा.

नजरचूक नव्हती ती.

आता दोन्ही बाजू माझ्या घरात होत्या. इतकी वर्षं मला वाटायचं, सगळी फौज एकदा एका ठिकाणी यावी. आली, आणि मला ती मांडायची इच्छा होईना. मालक पेपर खाली करून म्हणाले, "बसनं जायलीस की जीपनं?" मी म्हटलं, "कुठं?" ते म्हणाले, "मला काय विचारतीस," आणि पेपर परत वर.

बसनं गेले. डबा मांडीवर, माझ्या माओरींचा खोका पिशवीत. ईनबाई दाराच्या आत ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"कामून आलाव?"

"तुमची माणसं माझ्याकडं राहिलीत."

"राहू द्या. मीच पाठवली." सूप हलवतच राहिल्या. "हितं एकटी पडली असती. तुमच्याकडं जोडीनं राहतील. हितं कुणासंगं भांडतील?"

"अन् मी कुणासंगं भांडू?"

सूप थांबलं. त्यांनी पदरानं पाट पुसला आणि माझ्याकडं सरकवला.

"लेकरू माझं वाईट न्हाई ओ," त्या म्हणाल्या.

"मला ठाऊक हाय. माझं बी न्हाई."

"मग कुणाचं चुकलं?"

"मला कळंना झालंय. तुम्हाला कळलं तर सांगा."

यावर त्यांनी नाक ओढलं, आणि मला रागानंच विचारलं, "जेवून आलाव का न्हाई?" तेवढ्यात शेजारची बाई दही घेऊन आली. माझ्याकडं, डब्याकडं, पुन्हा माझ्याकडं पाहायला लागली. कमलनगर किती मोठं असतंय. तिला सगळं ठाऊक असणारच.

"पाव्हण्या कोण ओ?" तरी तिनं विचारलं.

मी खाली बघितलं. मला खरंच माहीत नव्हतं, ईनबाई काय सांगतील.

"माझी ईन हाय," त्या म्हणाल्या.

"पण पोराचं तर…"

"पोराचं मोडलं. आमचं कुणी मोडलंय? दही ठेव अन् दार लोट, वारं आलं की ह्यांची माणसं पडत्यात."

तोवर मी पिशवीतून एकही माणूस काढला नव्हता. दार लोटल्यावर काढले.