पेन्सिलकाकांचा उपसागर

पेन्सिलकाकांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. परदेशात, फ्लॅट बुश उपनगरातल्या माझ्या मित्राच्या, मिलिंदच्या ऐसपैस घरात त्याचे हे वडील दिवसभर जॅण्डल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, फटफटवत येरझाऱ्या घालायचे. प्रत्येक फेरीला डायनिंग टेबलापाशी थांबायचे, नकाशात एक रेघ ओढायचे, दोन खोडायचे. आम्ही जेवायचो किचनच्या ओट्याशी, उभ्यानं. टेबलावर अंटार्क्टिका पसरलेली असायची ना!

पुण्यात काकांनी जन्मभर नकाशे काढले होते. इथे मुलाकडे आल्यावर उपग्रहाच्या फोटोंवरून त्यांनी बर्फानं झाकलेला एक उपसागर काढायला घेतला. "जमीन कुठे संपते आणि गोठलेला समुद्र कुठे सुरू होतो, सांग रे नाटक्या!" असं मला दरडावायचे. मी ऐटीत बोट ठेवलं की खूश होऊन म्हणायचे, "चूक! मलाही माहीत नाही." बर्फाची कड दर फोटोत हललेली. म्हणून सगळा उपसागर पेन्सिलीत, तोही तुटक रेषेत. नियम कडक होता: "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शाई नाही."

व्हिसा संपत आला, तरी शाईची बाटली सीलबंदच. फेऱ्या वाढल्या, जॅण्डल्सचा एक जोड गेला. आणि २००६च्या नोव्हेंबरात बातमी आली: हिमनग तरंगत आमच्या देशाच्या दक्षिण बेटाजवळ, डनीडनच्या किनाऱ्यासमोर आलेत!

"अहो बाबा, डनीडनला वारा केवढा असतो!" सून म्हणाली.

"तो हिमनग एवढ्या लांबून आलाय, आणि मी काय स्वेटर शोधत बसू?"

मिलिंदला रजा नव्हती, म्हणून मीच घेऊन गेलो. टेकडीवर पोचलो तर समोर ढगांचा पडदा. काका असे काही फिरू लागले की मेंढ्याही बाजूला झाल्या. दुपारी पडदा सरकला. क्षितिजावर एक पांढरा ठिपका.

काका थांबले. चक्क थांबले! दुर्बीण डोळ्यांना लावून जागीच उभे राहिले.

"तुमच्याच उपसागरातला कशावरून?" मी डिवचलं.

"दुसरं कुणी हक्क सांगायला आलंय का?"

घरी परतल्यावर त्यांनी नकाशा जमिनीवर घेतला आणि त्याला कागद चिकटवू लागले. उपसागरापासून डनीडनपर्यंत, त्याच प्रमाणात. डायनिंग संपलं, पॅसेज संपला. गराजच्या दाराशी त्यांनी बाटली उघडली आणि शाईनं तिळाएवढा एक आकार काढला.

"सूनबाई, पानं घे. आज बसून जेवू."

पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला गेले आणि वर्षभरात जगातूनही. ती गुंडाळी माझ्याकडे आहे. कधीतरी घरभर उलगडतो. तो हिमनग केव्हाच विरघळला असणार. तरी मी त्याला खोडत नाही. काकांनी पाहिला होता.