राजूर घाटातून आम्ही परत फिरलो नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी मी आणि माझ्या सासूबाई चिखलीहून निघालो. गाडी माझ्या नवऱ्याची, चालवणारी मी. हायवे टाळून, लहान रस्त्यांनी थांबत थांबत भोपाळपर्यंत जायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. सहा महिन्यांपूर्वी ते वारले आणि जायचं राहून गेलं.

राजूर घाटात गाडी बाजूला लावून आम्ही खालचं रान बघत होतो. तेवढ्यात दिराचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"वहिनी, परत फिरा. दादाले जाऊन वर्ष नाही झालं अन् तुम्ही फिरायले निघाल्या? लोकं काय म्हणतीन?"

सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"लोकाईचं राहू दे. तो माहा लेक होता. त्याले जाऊन किती दिस झाले, हे तू मले शिकवू नको. सून गाडी चालवून राह्यली, मी बाजूले बसून राह्यली. तुले काऊन तरास होऊन राह्यला?"

"मी येतो घ्यायले."

"ये. येताना डबा आण. आमी मांगं फिरत नाही."

मी पोटभर रडले आणि गाडी सुरू केली. मोताळ्यात गरम भजी खाल्ली, वाटेत तीनदा उगाच थांबलो, संध्याकाळी सोनाळ्यात नातेवाइकांकडे पोचलो. समोर सातपुडा आहे. सासूबाई खाटेवर बसून उद्याचा रस्ता विचारतायत.

दुःख घरात बसूनच करावं, असं कुणी ठरवलं? बुऱ्हाणपूरकडे जाणारा शांत रस्ता माहीत असेल तर सांगा. परत फिरायचा सल्ला मात्र देऊ नका. तो ऐकणारं आमच्या गाडीत कुणी नाही.