शंभरचा बल्ब

लग्न होऊन मी खडकीला आले, तेव्हा सासरे नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी दारूगोळ्याच्या एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात काढलेली. आत जाणाऱ्याच्या खिशात काडेपेटी नाही ना, हे बघणं त्यांचं काम. ती सवय घरीही सुटली नव्हती. मी गॅस बंद केला, की ते मागून येऊन तो पुन्हा बंद करून जात.

पेपर त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा असे, पण अलीकडे अक्षरं पुसट दिसायला लागली होती. म्हणून माहेरी कसब्यात गेले, तेव्हा तिथल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून मी त्यांच्यासाठी टेबल लॅम्प आणला. कापडी शेड, तिच्यावर बारीक निळी फुलं. दुकानदारानं चाळीसचा बल्ब लावून दिला आणि बजावलं, "यापेक्षा मोठा लावू नका." मी मान डोलावली आणि घरी पोचेपर्यंत विसरले.

काही दिवसांनी संध्याकाळी मी वांग्याची भाजी करत होते. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "सूनबाई, काहीतरी करपतंय!"

झाकण काढून पाहिलं. भाजी उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी तेच. "आज आमटी लागली वाटतं."

"नाही हो, बाबा."

"लागली तर लागली म्हणावं. आपण घरचेच आहोत."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. तिसऱ्या दिवशी मी काही शिजवलंच नाही. सरळ दहीपोहे कालवले. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "पोहे करपले गं!"

मी हातातला डाव घेऊनच बाहेर गेले. "बाबा, आज गॅस पेटवलेलाच नाहीये."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही लॅम्पकडे. शेडमधून धुराची बारीक रेघ वर चालली होती. मी धावत जाऊन बटण बंद केलं. आतून निळी फुलं चहाच्या रंगाची झाली होती, होल्डरचं प्लास्टिक मऊ पडून बल्ब एका बाजूला कलला होता. बल्ब शंभरचा होता.

"हा कोणी लावला?"

"चाळीसमध्ये दिसत नव्हतं," सासरे छताकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लॅम्प घेऊन कसब्यात गेलो. दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला. "छान भाजलाय. आत काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?"

"वाचता येत असतं, तर शंभरचा लावला कशाला असता?" सासरे म्हणाले.

"मग बल्ब काय बदलताय? डोळे दाखवा." दुकानदारानं होल्डरवर बोट ठेवलं. "शंभरची उष्णता या एवढ्याशा शेडमध्ये कोंडते, बाहेर जायला वाट नाही. आधी होल्डर वितळतो, मग कापड पेटतं. शेजारी पडदा असेल, तर मग बघायलाच नको."

पडदा शेजारीच होता.

परतताना बसमध्ये सासरे लॅम्प मांडीवर घेऊन बसले. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षं लोकांचे खिसे तपासले मी. आणि पेटवायला निघालो ते स्वतःचं घर." थोड्या वेळानं, "तुझ्या आमटीलाही उगाच नावं ठेवली."

त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. "बाबा, दुकानदारानं मला आधीच सांगितलं होतं. मीच विसरले."

"असं?" ते एकदम ताठ बसले. "म्हणजे तूही गुन्ह्यात आहेस!" पुढचा सगळा रस्ता ते मजेत होते.

डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, नवा चष्मा आला. चष्मा लावून ते घरात आले आणि दारातच उभे राहून चारी बाजूंनी बघत राहिले. मला भरून आलं.

"काय बाबा, स्वच्छ दिसतंय ना?"

"दिसतंय," ते म्हणाले. "घर मात्र स्वच्छ नाही. तो कोपरा बघ. केवढी जळमटं ती!"