वाघाच्या कॅमेऱ्यात पडलेला कंडक्टर

मी पहिल्यांदा पडलो तो पंगतीत, वरणभातावर. शेजारच्या बापूरावांच्या घरी तेरवी होती. वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही, त्यामुळे माझ्या पत्रावळीवर भाताचा ढीग झाला होता. त्याच ढिगात नाक खुपसून मी आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा मिशीला वरण लागलं होतं आणि सगळी पंगत एकमताने सांगत होती की वारलूभाऊले जेवण जास्त झालं. मलाही ते पटलं. मला सगळ्यांचंच पटतं.

मी वारलू चुधरी, एसटीचा निवृत्त कंडक्टर. गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला लागून. माझ्यासारखा बुजरा माणूस कंडक्टर कसा झाला, हे मलाही सांगता येणार नाही. "तिकीट, तिकीट" असं ओरडायची लाज वाटायची, म्हणून मी प्रवाशासमोर नुसता उभा राहायचो. शेवटी तोच ओशाळून खिशात हात घालायचा. घंटी मात्र मी ठामपणे द्यायचो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे.

पंगतीनंतर पोंभुर्ण्याच्या एका डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि गॅस ठरवला. त्या दिवसापासून मला खरोखर गॅस व्हायला लागला. पुढच्या वेळी मी पानठेल्यासमोर पडलो. बापूराव ओरडले, "मिरगी हाये! जोडा हुंगवा!" आणि कुणी जोडा शोधायच्या आत त्यांनी स्वतःच्या पायातला काढून माझ्या नाकाला लावला. मी उठून बसलो. मी तसाही बसलोच असतो, कारण पडल्यावर दहा-पंधरा श्वासांत मला आपोआप जाग यायची. पण श्रेय जोड्याला गेलं. त्या जोड्याचा गावात मान वाढला. नवे जोडे घेतल्यावरही बापूरावांनी तो टाकला नाही, ओसरीत खुंटीला टांगून ठेवला. मी रस्त्याने जाताना दिसलो की ते म्हणायचे, "बिनधास्त फिर वारलू, जोडा तयार हाये."

चंद्रपूरला एका दवाखान्यात मिरगीच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी माझं पडणं थांबलं नाही, पण मी दिवसभर पेंगायला लागलो, त्यामुळे पडलोय की झोपलोय हे कुणाला कळेना. दुसऱ्या दवाखान्यात छातीला चकत्या चिकटवून हृदयाचा कागद काढला. कागद एकदम चांगला आला. माझं हृदय माझ्यावरच गेलं होतं. तपासणीवाले गाडीत चढले की मी कशी टोपी सरळ करून, तिकिटं बरोबर लावून उभा राहायचो, तसं तेही डॉक्टरांपुढे शिस्तीत चालायचं. डॉक्टर विचारायचे, "पडता तेव्हा नेमकं काय होतं?" मी म्हणायचो, "ते मले कसं माहीत राहीन साहेब? तवा मी नसतो."

पाहणारे होते, पण प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणे तोंडाला फेस आला, कुणी म्हणे हातपाय झाडले. बापूराव तर सांगायचे की माझे डोळे फिरून पांढरे झाले होते आणि जोडा पाहताच जागेवर आले.

असं करत वर्ष गेलं. माझी बायको रुखमाबाई मला विहिरीवर जाऊ देईना, न्हाणीघराची कडी लावू देईना. मी आत अंघोळ करायचो आणि ती बाहेरून दर दोन मिनिटांनी विचारायची, "हायेत का जी?" मी म्हणायचो, "हाव." तिचं खरं होतं. हे कशाने होतं ते कळलं नाही, तर एक दिवस मी चुकीच्या जागी पडणार होतो. विहीर, रस्ता, चूल, काहीही.

तरी मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागल्यावर मी तिच्याशी हुज्जत घालून रानात गेलो. हुज्जत म्हणजे मी टोपली घेऊन दारात उभा राहिलो आणि ती दमेपर्यंत बोलली. आमच्याकडे त्या वर्षी वनविभागाने मोहफुलं वेचणाऱ्यांना मुखवटे वाटले होते. वाघ मागून येतो. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा चेहरा बांधायचा, म्हणजे वाघाला वाटावं की हा आपल्याकडेच पाहून राहिला आहे. माझ्या वाट्याला आलेला चेहरा गोरापान, झुपकेदार मिशांचा आणि हसरा होता. माझ्या मूळ चेहऱ्यापेक्षा तो बरा, असं रुखमाबाईचं मत होतं.

त्या दिवशी नाल्याच्या वाटेवर, एका मोहाच्या झाडापाशी मी पालथा पडलो. तोंड पाल्यात आणि मिशावाला चेहरा वर. नेमक्या तेव्हाच केसरबाई आणि आणखी दोघी टोपल्या घेऊन पलीकडून गेल्या. त्यांना दिसलं ते असं, की वारलूभाऊ मोहाच्या झाडापाशी उताणे पडून मजेत हसत आहेत. मी उठून, कपडे झटकून घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"रुखमाबाई, तुमचे बुढे मोह्याखाली पिऊन पडले हायेत," केसरबाई सांगत होती. "इतके खुशीत, का आमाले पाहूनही हासनं बंद नाई केलं!"

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. गाडीत कुणी पिऊन चढला तर मीच मागच्या सीटवर जाऊन बसायचो. पण रुखमाबाई माझ्याजवळ आली आणि तिने माझं तोंड हुंगलं. मी खांद्यावरून मोहफुलं आणली होती, त्यामुळे वास तर येतच होता. तिने मान खाली घातली आणि आत गेली. त्या दिवशी तिने न्हाणीघराबाहेरून काही विचारलं नाही. मी आत तांब्या वाजवून वाजवून दमलो. मला स्वतःचाही संशय यायला लागला. फुलांच्या नुसत्या वासाने चढत असेल का, हेही मी बापूरावांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "चढत असन. तुले काई बी चढू शकते."

आठवड्याने आमच्या बीटातली वनरक्षक दिव्यानी घरी आली. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण मोहाखालचा पाला जाळतात आणि त्याने वणवा लागतो. म्हणून खाकी कपडे दारात पाहताच तिने विचारायच्या आत मी बोलून टाकलं, "मॅडम, मी आग नाई लावली. मोह्याखालचा पाला फक्त झाडून घेतला."

"भाऊ, मी आगीसाठी नाई आली," ती म्हणाली. "बाईले बोलवा. एक दाखवाचं हाये."

नाल्याच्या वाटेवर वाघ मोजायला कॅमेरा बांधलेला आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. समोरून काही हललं की तो आपोआप लागोपाठ फोटो काढतो. तिथून जाताना मी नेहमी मान खाली घालून जायचो, कारण फोटो म्हटलं की मला घाम येतो. दिव्यानीने फोटो मोबाइलमध्ये आणले होते. पहिल्यात मी टोपली घेऊन चाललो होतो. दुसऱ्यात मी तिरपा, बुडातून तोडलेल्या खांबासारखा. त्यानंतर बरेच फोटो एकसारखे, मी पालथा आणि माझा मिशावाला मुखवटा सरळ कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहे. शेवटच्यात मी उठून बसलो होतो आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत होतो.

मला इतकी लाज वाटली की मी हसलो. रुखमाबाई हसली नाही. तिने दुसरा फोटो बोटांनी मोठा केला.

"हात पाह्य माय," ती दिव्यानीला म्हणाली. "यायनं हात पुढं नाई केले. टोपलीबी सोडली नाई. लहान लेकरू पडते तं हात टाकते. हे तं पडाच्या आधीच गेले होते."

मग ती माझ्याकडे वळली. "आनं मी तुमचं तोंड हुंगलं."

"वास येत होता," मी म्हणालो. तिच्या बाजूने बोलायची माझी सवय आहे.

"चूप बसा जी," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "उद्या चंद्रपूर."

या वेळी डॉक्टरांशी तीच बोलली. मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मुखवटा पाहून डॉक्टर आधी मोठ्याने हसले. मग एकेक फोटो मागे-पुढे करताना त्यांचं हसू हळूहळू कमी होत गेलं. "झटके नाहीत," ते म्हणाले. "एकदम गेले आणि एकदम आले. हे डोक्याचं वाटत नाही, हृदयाचं वाटतं. पण ते चुकताना पकडावं लागेल." त्यांनी माझ्या छातीला तारा चिकटवून एक लहान यंत्र कमरेला बांधलं. ते घालून घरी राहायचं आणि यंत्र अंगावर असताना पडलो तर चांगलंच.

वर्षभर न मागता पडणारा मी, आता मुद्दाम पडायचं म्हटल्यावर पडेना. मी अंगणात फेऱ्या मारल्या, जिना चढलो-उतरलो. रुखमाबाई मागून उशी घेऊन फिरत होती. "पडा ना जी," ती म्हणायची, "एरवी कसे पडता!" गल्लीतले लोक भिंतीवरून पाहत होते. चारचौघांत मला काहीच जमत नाही, तर हे कसं जमणार? शेवटी लोक कंटाळून गेले आणि मी चहा प्यायला बसलो तेव्हा पडलो. बशीसकट. उशी दुसऱ्या बाजूला होती. बापूराव जोडा आणायला धावले, पण खुंटीवरून तो काढून येईपर्यंत मी उठून सांडलेला चहा पुसत होतो. त्यांना फार वाईट वाटलं.

यंत्राने सगळं धरलं होतं. डॉक्टरांनी कागद दाखवला. चालत आलेल्या उभ्या-आडव्या रेघा आणि मधेच सरळ मोकळी जागा. तेवढा वेळ माझं हृदय थांबलं होतं.

"म्हणजे एक घंटी झाली," मी म्हणालो, "आनं दोन घंट्या द्याले कोनी नाई."

डॉक्टरांना ते समजलं नाही. रुखमाबाईला समजलं. तिने माझा हात धरला, दवाखान्यात, सगळ्यांसमोर. मी लाजेने सोडवून घेणार होतो, पण घेतला नाही.

नागपूरला पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याखाली कातडीत, काड्यापेटीपेक्षा लहान. मी जागाच होतो. डॉक्टर विचारत होते, "दुखतंय का?" आणि दुखत असूनही मी "नाही जी" म्हणत होतो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. शेवटी त्यांनीच ओळखून आणखी सुई दिली. गावी आल्यावर लोक पाहायला आले. केसरबाईने माझ्या खांद्याला कान लावला आणि आवाज येत नाही म्हणून शंका काढली. बापूराव म्हणाले, "यंत्र ठीक हाये, पर जोड्याले बॅटरी नाई लागत." मला तेही पटलं.

तेव्हापासून मी पडलो नाही. पुढच्या मार्चमध्ये रुखमाबाईने स्वतः मुखवटा माझ्या डोक्यामागे बांधला, नाडीला दोन गाठी मारल्या आणि दारात उभी राहिली. तिला रानातलं दिसणार नव्हतं आणि मला फोनवर बोलता येत नाही. म्हणून मी नाल्याच्या वाटेवर कॅमेऱ्यासमोर थांबलो, मान वर केली आणि सरळ उभा राहिलो. येतानाही राहिलो. रोज.

पंधरवड्याने दिव्यानी मोबाइल घेऊन आली. रुखमाबाईने फोटो पाहिले, जाता-येतानाचे, सगळे उभे. ती एकेक सरकवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"बाई, यायले सांगा ना," दिव्यानी म्हणाली. "वाघाचे दोन फोटो आले आनं भाऊचे ढीगभर. बॅटरी संपून राह्यली माझी."

"संपू दे," रुखमाबाई म्हणाली. "दुसरी टाकजो."