चटणीतलं मीठ आन् सरांची टीम

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या हातनं झालेला घोळ सांगायचा म्हणजे माझीच जीभ अडखळती. पण सांगते, चहा निवायच्या आत.

वडूजच्या खालच्या अंगाला एक वाडी हाय. वाडीत एक सासू, तिची सून सुनंदा, आन् शेजारची हौसा धरून आणखी पाच बायका. सासू म्हंजी मी. आमी सातजणी मिळून बचत गटाची कांदा-लसूण चटणी करतो. मिरच्या भाजणं, कांडणं, पिशव्या भरणं, समदं वाटून. मीठ मात्र माझ्याच हातात. माप न्हाई, जीभ हेच माप.

माझा लेक मिलिटरीत हुता. दोन वर्सामागं वर डोंगरात त्यांची गाडी दरीत गेली. त्यो पेटीतनं घरी आला. तवापास्नं माझ्या तोंडाची चव गेली. पण ते मला कुठं कळलं? मला वाटायचं, सुनंदाच्याच हाताची चव गेली. रोज जेवताना म्हणायचे, "बाई गं, ही आमटी हाय का कोमट पाणी?" ती गप मिठाची वाटी पुढं सारायची. एवढी जाणती बाई मी, पण मला शंका म्हणून आली न्हाई बघा.

सुनंदाचा भाऊ औंधला असतो. दर आठवड्याला त्याचा फोन. "ताई, तितं आता काय राहिलंय तुझं? चल माघारी." ती म्हणायची, "गटाचं काम हाय रं." म्हंजी गट हाय तवर सून हाय, एवढं मी मनात पक्कं धरलं हुतं.

अशात सांगलीच्या एका मसालेवाल्यानं पन्नास किलो चटणी मागितली. पसंत पडली तर बारा महिने घेणार. मग गटाच्या मॅडमनी एक सर पाठवलं, जिंकणारी टीम कशी बांधायची ते शिकवायला. सरांनी फळ्यावर गोल काढलं. म्हणलं, "जिचं काम तिचं. दुसरीच्या कामात हात घालायचा नाही. आणि काम झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या."

आमी वाजवल्या. मिरची कांडल्याल्या हातानं. पूड उडाली ती थेट डोळ्यात. सातजणी पदरानं डोळं पुसतोय, सर रुमालानं पुसत्यात. हौसा म्हणाली, "सर, जिंकल्यावर एवढं रडायचं, तर हरल्यावर काय करायचं?"

मी कामं वाटली. सुनंदा सारखी माझ्या घमेल्यापाशी घोटाळायची. मी म्हणलं, "हिच्या हाताला चव न्हाई, हिला पिशव्यांवर बसवा."

ती काहीतरी बोलाय लागली. मी म्हणलं, "सरांनी काय सांगितलं? जिचं काम तिचं." बसली बिचारी.

चटणी सांगलीला गेली. चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन. "आजी, चटणी पाठवलीय का मिठागर?" आन् संध्याकाळी समदा माल टेम्पोतनं माघारी.

मी समद्या बायकांना उभं केलं. "खरं सांगा, माझ्या माघारी मीठ कुणी घातलं?"

मग हौसाच म्हणाली, "आवं आत्या, मिठाचा डबा तुमच्या मांडीखाली. दुसरं कोण घालतंय? दोन वर्सं ही सुनंदा तुमची पाठ वळली की बिनमिठाची चटणी मिसळून चव सारखी करत हुती. ह्या खेपंला तुमी हिला पिशव्यांवर बसवलं. मग मिसळणार कोण?"

मी सुनेकडं बघितलं. "का गं, मला का बोलली न्हाईस?"

ती पिशव्यांची तोंडं सोडत हुती, मान वर न करता म्हणाली, "त्ये गेल्यापास्नं तुमास्नी चव लागत न्हाई, मला ठावं हाय. पण त्या डब्यासाठी तुमी सकाळी उठता. त्यो बी काढून घेऊ का?"

त्या दिवशी टाळ्या न वाजवता बी डोळं झोंबलं.

मग मीच दुकानदाराला फोन लावला. "साहेब, टीमची चूक न्हाई, माझी हाय. माझ्या तोंडाला चव न्हाई. आता चटणी माझी सून चाखंल." आपल्या तोंडानं हे पहिल्यांदाच बोलले. त्यो म्हणाला, "पाठवा परत, बघतो."

सुनंदानं बिनमिठाची चटणी कांडून घेतली, जुन्यात थोडी थोडी मिसळली, दर घमेलं चाखलं. माल गेला, आन् बारा महिन्यांचं काम आलं. तिचा भाऊ न्यायला आला हुता, त्यो चटणीच्या चार पिशव्या घेऊन एकलाच औंधला गेला.

मला काय टीममधनं काढलं न्हाई. दर घमेल्याची पहिली चिमूट माझ्याच जिभेवर ठेवत्यात. मी "फस्क्लास झाली" म्हणलं, की हौसा वरडती, "सुनंदा, मीठ लय झालंय गं!"