आईने टाकलेले थेंब

डोळे आले तेव्हा मी भिवंडीजवळ वडपे इथल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होतो. आमच्या शिफ्टमध्ये बहुतेकांचे डोळे लालच होते. सुपरवायझरने मेडिकलमधून अँटिबायोटिक थेंबांची एक बाटली आणली आणि ती हातोहात सगळ्यांत फिरवली. मी नको म्हणालो, तर "दवाई नहीं डालेगा तो ड्युटी नहीं," म्हणून मलाच घरी पाठवलं.

मी तडक भिवंडीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पुढच्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच करणार होत्या. तपासून म्हणाल्या, "व्हायरल आहे. यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, हळूहळू आपोआप जाईल. गार पाण्याची पट्टी ठेवा, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. घट्ट पू आला, डोळा दुखला किंवा अंधुक दिसलं तर लगेच या, तेव्हा थेंबांचं बघू. आणि आईला लागू देऊ नका, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल."

दिघाशीला घरी येऊन हे सांगितलं, तर भाऊ माझ्यावरच उखडला. "फी घेतली आन औषध न्हाय? कसली डॉक्टर ती?" संध्याकाळी तो तशीच बाटली घेऊन आला आणि फळीवर ठेवून दिली. घरात सगळे काळे गॉगल लावून फिरत होते, कारण म्हणे बघितलं की डोळे येतात. अरे, बघून नाही, हाताने पसरतं, हे सांगून माझा घसा बसला. गॉगल लावून माझाच टॉवेल वापरत होते.

मला काळजी फक्त आईची होती. लावणी उरकेपर्यंत तिने ऑपरेशन लांबवलं होतं. तांदूळ निवडताना खडे दिसत नव्हते, बोटांनी चाचपून काढायची. "येवढा खडा दिसाया लागला, की मना काय नको," म्हणायची. मी वेगळ्या खोलीत झोपायचो, तिच्या जवळही जात नव्हतो.

एका दुपारी गालावर गार ओघळ आला म्हणून जाग आली. आई माझ्यावर वाकली होती आणि बाटलीचं टोक माझ्या पापणीला टेकलेलं होतं.

"आई, काय करतेस?"

"थेंब टाकलं. मना नीट दिसत न्हाय ना, म्हनून टेकवून टाकलं." मग पुढे म्हणाली, "मी पन घालते रोज. आपरेशनच्या आधी लागाया नको."

त्याच बाटलीतून, तसंच टेकवून. मी इतका ओरडलो की शेजारीण दारात आली.

व्हायचं तेच झालं. आईचे डोळे आले, वर एका डोळ्यात पिवळा घट्ट पू झाला, सकाळी पापण्या उघडेनात. डॉक्टरीणबाईंनी तपासून या वेळी अँटिबायोटिक दिलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं.

"बघ," भाऊ म्हणाला, "शेवटी थेंबच दिले ना?" मला डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

आता मीच तिच्या डोळ्यात थेंब टाकतो, टोक न टेकवता. माझे डोळे तोवर बरे झाले होते, आपोआप. काल ती ओट्यावर सुपातले तांदूळ चाचपत बसली होती. शेजारणीने विचारलं, ऑपरेशनचं काय झालं?

"ऱ्हायलं," आई म्हणाली. "पन माझ्या थेंबांनी पोराचं डोळं बरं झालं."

मी आतून ऐकत होतो. बाहेर जाऊन तिच्या हातातलं सूप घेतलं.